फक्त एंटर दाबा

लातुरात कुठलीही गोष्ट फार दिवस नुसती गोष्ट राहत नाही, तिचा पॅटर्न होतो. बारावीचा झाला, मेडिकलच्या प्रवेशाचा झाला. राजर्षी शाहू आणि दयानंद या कॉलेजांनी एके काळी बोर्डाच्या गुणवत्ता यादीला अशी सवय लावली होती की यादी लागली की बाकीचा महाराष्ट्र आधी लातूरची पोरं मोजायचा आणि मग उरलेल्या जागांत स्वतःला शोधायचा. त्यामुळे नांदेडला इंजिनिअरिंग शिकणारा माझा भाचा सुट्टीत आजोळी आला आणि म्हणाला, "मामा, जगभरातली माणसं मिळून सॉफ्टवेअर बनवतात, कोड सगळ्यांसाठी उघडा ठेवतात, त्याला ओपन सोर्स म्हणतात. त्यात कुणीही हातभार लावू शकतं," तेव्हा सच्च्या लातूरकराप्रमाणे मी विचारलं, "बॅच कधी सुरू होते?"

तो हसला. मला मात्र ट्युशन एरियातला फलक दिसू लागला होता. 'ओपन सोर्स : फाउंडेशन, रेग्युलर व रिपीटर. मुलींसाठी स्वतंत्र हॉस्टेल. घरगुती मेस.' खाली गेल्या वर्षीच्या यशवंतांचे फोटो, प्रत्येकाच्या हातात पेढा आणि चेहऱ्यावर झोप न झाल्याचं तेज. बाजारात '21 अपेक्षित' यायला मग कितीसा वेळ? लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडच्या विद्यार्थ्यानं 1991 मध्ये लिनक्स सुरू केलं, ते हौस म्हणून. लातुरात असता तर त्याच्या वडिलांनी विचारलं असतं, "हौस बारावीनंतर करता येत न्हाई का?"

"तुमच्या मोबाईलच्या आतसुद्धा लिनक्स हाय मामा," भाचा म्हणाला. माझ्या मोबाईलच्या आत गुड मॉर्निंगचे फोटो आणि भावकीचा ग्रुप एवढंच आहे असा माझा समज होता. अँड्रॉइडच्या पोटात लिनक्स आहे, म्हणजे मी रोज सकाळी जगभरातल्या हजारो लोकांच्या श्रमांवर स्वार होऊन गुलाबाचं फूल पुढं ढकलतो, हे कळल्यावर जरा ओशाळलो. फूल थांबवलं नाही.

भाच्याला या क्षेत्राची ओढ कशी लागली, तर टी-शर्टमुळे. डिजिटलओशन नावाच्या अमेरिकन कंपनीनं 2014 पासून दर ऑक्टोबरला 'हॅक्टोबरफेस्ट' भरवायला सुरुवात केली. 2020 सालचा हिशेब असा होता, की महिन्याभरात कुठल्याही उघड्या प्रकल्पांना चार सुधारणा पाठवायच्या आणि टी-शर्ट घ्यायचा. अशा पाठवलेल्या सुधारणेला 'पुल रिक्वेस्ट' म्हणतात. प्रकल्प सांभाळणाऱ्याला ती पटली तर तो ती आत घेतो, नाही पटली तर कारण सांगून परत करतो. हेतू चांगला होता. पण फुकट टी-शर्ट या शब्दांत काय ताकद आहे ते अमेरिकन कंपनीला कुठून माहीत असणार? इथं मोर्चाची गर्दीसुद्धा गमछ्याच्या रंगावरून ठरते.

त्या वर्षी आपल्याच देशातल्या एका लोकप्रिय शिकवणी-व्हिडिओत नमुना म्हणून एक सुधारणा करून दाखवली होती. प्रकल्पाच्या माहितीपत्रकात, म्हणजे 'रीडमी' फाईलमध्ये, 'अमेझिंग प्रोजेक्ट' असे शब्द घालायचे. बस्स. नमुना तो नमुना, पण आपली पोरं नमुन्यातला स्वल्पविरामही सोडत नाहीत. जगभरचे प्रकल्प सांभाळणारे लोक सकाळी उठून पाहतात तर त्यांचा प्रकल्प अद्भुत असल्याचं त्यांना शेकडो अनोळखी माणसं कळवतायत. इतकी स्तुती माणसाला सहन होत नाही. ऑक्टोबरच्या तिसऱ्याच दिवशी नियम बदलावा लागला, की ज्या प्रकल्पांनी स्वतःहून 'या' म्हटलंय तिथंच जायचं. पुढं 2023 मध्ये कापडी टी-शर्ट बंद करून डिजिटल बक्षिसं आली. डिजिटल टी-शर्ट घालून गंजगोलाईत फिरता येत नाही, त्यामुळे भाच्याच्या वर्गातल्या बऱ्याच जणांची समाजसेवेची इच्छा त्याच वर्षी ओसरली.

2024 च्या सुरुवातीला या रीडमी-प्रकरणाची दुसरी आवृत्ती निघाली. एक्सप्रेस नावाचा प्रकल्प आहे, जगातल्या असंख्य वेबसाइटी त्यावर चालतात. एका शिकवणीत उदाहरणादाखल त्याचंच रीडमी उघडलं गेलं आणि विद्यार्थ्यांनी तिथं स्वतःची नावं घालून सुधारणा पाठवायला सुरुवात केली. तिकडचे लोक गोंधळले. आपण गोंधळायचं कारण नाही. कंधारच्या किल्ल्यात जाऊन या. राष्ट्रकूटांच्या वारशाला हातभार म्हणून किती जणांनी खिळ्यानं पुल रिक्वेस्टी पाठवल्यात ते भिंतीवर दिसेल, बऱ्याच जणींच्या नावासकट.

तरी पोरांना मी सगळा दोष देणार नाही. 'योगदान द्या, योगदान द्या' असं व्यासपीठावरून सांगणारे पुष्कळ असतात. योगदान नेमकं कुठं ठेवायचं, हे सांगणारा भेटत नाही. एका कॉलेजानं (नाव राहू द्या) यासाठी चोवीस तासांचं शिबिर ठेवलं आणि तारीख काढली नेमकी येळवशीची. वेळ अमावस्येला अख्खा लातूर जिल्हा शेतात भज्जी आणि आंबील घेऊन बसलेला असतो. शिबिराला आले ते पुण्याचे पाहुणे वक्ते, त्यांचा लॅपटॉप आणि कुलूप उघडायला शिपाई. शेवटी शिपायानं पाहुण्यांना मोटारसायकलवर घालून स्वतःच्या शेतात नेलं म्हणतात. वक्ते नंतर मराठवाड्यातल्या सहभागाबद्दल फार चांगलं बोलल्याचं ऐकिवात आहे.

नवख्या माणसाला खरा दगा देतो तो एक शब्द, 'फक्त'. भाच्यानं हॉस्टेलच्या मेसचा हिशेब ठेवणारा एक छोटा प्रोग्राम लिहून उघडा करून ठेवलाय. कोण किती दिवस गावाला गेला, किती पाहुणे जेवले, महिन्याचा खाडा किती, वगैरे. सोबत तो कसा चालवायचा याचं एक पान. पहिली ओळ : फक्त रिपॉझिटरी क्लोन करा. दुसरी : फक्त डिपेंडन्सी टाकून घ्या. तिसरी : आपल्या आवडीच्या एडिटरमध्ये कॉन्फिग फाईल उघडा. शेवटची : फक्त एंटर दाबा.

"हे पान कुणाला दाखवलंस?"

"मित्रांना. त्यांना समदं कळलं."

"ते तुझ्याच वर्गातले. मला बसव त्याच्यापुढं."

ही कल्पना माझी नाही. आयआयटी मुंबईत प्राध्यापक कन्नन मौद्गल्य यांनी 'स्पोकन ट्युटोरियल' नावाचा प्रकल्प उभा केला. प्राध्यापक केमिकल इंजिनिअरिंगचे, काम मुक्त सॉफ्टवेअर शिकवण्याचं. साधारण दहा-दहा मिनिटांचे धडे. धड्यात दाखवतील तसं आपण शेजारच्या खिडकीत करत जायचं. आवाज मराठीसकट अनेक भारतीय भाषांतला. केंद्र सरकारचा पैसा, त्यामुळे शिकणाऱ्याला फुकट. पण मला भावली ती त्यांची एक पायरी. धड्याची संहिता तयार झाली की ती जाणकार तपासतात ते वेगळंच, त्याशिवाय ती एका नवख्याकडून तपासून घेतात. ज्याला त्या सॉफ्टवेअरचं ओ की ठो कळत नाही अशा माणसानं ती वाचत वाचत सगळं करून पाहायचं आणि कुठं अडलं ते सांगायचं. जिथं अडलं तिथं चूक लिहिणाऱ्याची.

हे वाचल्यावर मी खुर्चीत ताठ बसलो. आयुष्यभर ज्या अडाणीपणाबद्दल बोलणी खाल्ली, तो इथं पात्रता म्हणून विचारला जातो! शिवाय ही पात्रता नाशवंत. एकदा कळलं की गेली. जगातला कितीही मोठा तज्ज्ञ पैसे मोजून ती परत आणू शकत नाही. माझ्याकडं मात्र तिचा मुबलक साठा आहे.

(याच लोकांचा 'फॉसी' हा भावंड-प्रकल्पही ध्यानात ठेवा. त्यात विद्यार्थ्यांनी पाठ्यपुस्तकातली सोडवून दिलेली उदाहरणं सायलॅब या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये पुन्हा सोडवायची, ती सगळ्यांसाठी खुली होतात आणि करणाऱ्याला मानधन मिळतं. सोडवलेली उदाहरणं पुन्हा सोडवायची आणि वर पैसे! लातूरच्या ग्रामदैवतानं स्वप्नात येऊन सांगावा असा हा प्रकल्प आहे.)

तर मी बसलो. क्लोन करायला आधी टर्मिनल उघडावं लागतं, त्यातच पहिला तास गेला, कारण ते कुठं आहे हे पानावर नव्हतं. डिपेंडन्सी उतरायला लागल्या तेव्हा मी चहा घेतला, पेपर वाचला. त्या वेळात लातूरहून सुटलेली एसटी चाकूर, अहमदपूर, लोहा करत नांदेडला पोचली असती. माझ्या आवडीचा एडिटर कुठला, या प्रश्नावर तर मी प्रामाणिकपणे लिहिलं, की इतकी वर्षं लेख छापून घेतोय, असा एडिटर अजून भेटायचाय. मग लाल पेन काढलं आणि पानावरचे सगळे 'फक्त' आणि 'सोपं आहे' खोडले. भाचा बघत होता. एवढं लाल त्यानं नववीच्या भूगोलानंतर पाहिलं नव्हतं.

आता गंमत पुढं आहे. माझे पुण्याचे थोरले चुलतभाऊ बँकांची सॉफ्टवेअरं लिहिण्यात मुरलेले. सणाला आले तेव्हा भाच्यानं त्यांनाही तेच पान दिलं. मला वाटलं, भाऊ पाच मिनिटांत चालवून दाखवतील. भाऊही दुसऱ्याच ओळीला अडकले. पण मी अडलो की 'अरे हे काय?' म्हणून ओरडतो. भाऊंना तशी सोय नाही. वीस वर्षांचा अनुभव खांद्यावर असला की विचारायला तोंड उघडत नाही. ते बराच वेळ गंभीर बसले आणि मग म्हणाले, "मुळात हे सगळं दुसऱ्या लँग्वेजमध्ये नव्यानं लिहायला हवं."

मेसचा खाडा! नव्यानं! भाच्याचा चेहरा पडला. नवा माणूस रीडमीत नाव घालून पळतो आणि मुरलेला माणूस आल्या आल्या घर पाडून बांधू म्हणतो, यात जास्त त्रासदायक कोण, ते प्रकल्प सांभाळणाऱ्यांना विचारा. अनुभवी माणूस परक्या प्रकल्पात गेला की तोही नवखाच असतो, फक्त त्याला ते कुणी सांगत नाही. त्याच्यासाठीही दारात पाटी हवी, की इथले निर्णय कुठं लिहिलेत, कुठला वाद आधीच होऊन गेलाय, कुठल्या कोपऱ्यात अनुभवी हात कमी पडतायत. भाऊंना नंतर पोरानं हळूच सांगितलं, की महिना एकतीसचा असला की खाडा एक रुपयानं चुकतो, कारण सापडत नाही. भाऊ रात्री दोनपर्यंत बसले. पुन्हा नव्यानं लिहिण्याचा विषय काढला नाही.

नव्या-जुन्यांत काम कसं वाटून द्यावं ते बघायचं तर नांदेडला गुरुद्वाऱ्याच्या लंगरात जावं. आत गेलात की काम समोर दिसतं. लसणाचा ढीग आहे, सोलायला बसा. पोळपाट रिकामा आहे, लाटा. तुमची पोळी नकाशासारखी झाली तरी भाजली जाते, खाल्ली जाते. मोठ्या कढईपाशी मात्र जाणती माणसं उभी. तिथं पहिल्याच दिवशी कुणी पळी हातात देत नाही, आणि त्याचा कुणाला रागही येत नाही. यातली बारकाई लसणात आहे. जाणत्यानं ठरवलं तर तो ढीग घटकाभरात सोलून टाकील. पण मग उद्या आलेल्यानं काय करायचं? चांगल्या प्रकल्पांत सोप्या चुकांवर 'गुड फर्स्ट इश्यू' अशी चिठ्ठी लावून त्या मुद्दाम शिल्लक ठेवतात. दोन मिनिटांत स्वतः दुरुस्त करता येणारी चूक नवख्यासाठी आठ दिवस उघडी ठेवायला जो संयम लागतो, तो इंजिनिअर माणसात उपजत नसतो. आणि आलेल्याला समजावून सांगायला वेळ तर कुणालाच नसतो.

हा वेळ नसला की काय होतं याचा किस्सा भाच्यानं सांगितला, तो ऐकून माझी झोप उडाली. एक्सझेड नावाचं फाईली दाबून लहान करणारं एक सॉफ्टवेअर आहे. जगभरच्या सर्व्हरांवर असतं. सांभाळणारा मुख्यतः एकच, लासे कोलिन, तोही बिनपगारी आणि थकलेला. त्याच्याकडं 'जिया टॅन' नावाचा एक नवखा आला. नम्र, कष्टाळू, वेळेवर काम देणारा. दुसरीकडून काही मंडळी लासेवर दबाव आणत होती, की तुला जमत नसेल तर दुसऱ्याच्या हाती दे. दोनेक वर्षांत जियाच्या हाती किल्ल्या आल्या आणि त्यानं आत चोरदरवाजा बसवला. हे कुणाचं टोपणनाव, ते आजही उघड नाही. मार्च 2024 मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरच्या लक्षात आलं, की आपल्या मशीनवर लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतोय. अर्धा सेकंद! तेवढ्यावरून तो खणत गेला आणि जग वाचलं. लातुरात अर्ध्या सेकंदाचा उशीर कुणी मोजला असता? आपण राऊटर बंद करून चालू केला असता, वर दोन थापट्या मारल्या असत्या आणि 'पाऊस यायला झालाय' म्हणून झोपलो असतो.

तेव्हापासून म्हणे जाणते लोक फार नम्र नवख्यांकडं जरा संशयानं बघतात. हे आमच्या भागाच्या पथ्यावर पडणारं आहे. नांदेड-लातूरच्या माणसावर नम्रतेचा आरोप आजवर कुणी केलेला नाही. खुद्द टोरवाल्ड्सची ख्याती इतकी तिखट, की 2018 मध्ये त्यानं आपल्या बोलण्याबद्दल जाहीर माफी मागितली आणि स्वतःला सुधारायला काही आठवडे रजा घेतली. तिखट बोलणं सोसायला आम्ही लहानपणापासून तयार असतो, कारण आमच्याकडं त्याला ख्यालीखुशाली विचारणं म्हणतात. पण सगळी दुनिया अशी नसते. पहिल्याच चुकीला 'एवढं कळत नाही का' ऐकून गेलेली पोरं परत येत नाहीत आणि कुठं गेली हे कळतही नाही.

उलट बाजूला डोनाल्ड नुथ हे थोर गृहस्थ. टेक नावाचं मुद्रणाचं मुक्त सॉफ्टवेअर त्यांनी लिहिलं. त्यांच्या पुस्तकांतली चूक दाखवणाऱ्याला ते 2 डॉलर 56 सेंटचा चेक पाठवत. कॉम्प्युटरवाल्यांच्या सोळाच्या हिशेबात तो एक डॉलर होतो. लोक चेक वटवत नसत, चौकट करून भिंतीला लावत. पुढं चेकांवरून अफरातफरीची भीती आली, तेव्हा 2008 पासून ते 'बँक ऑफ सॅन सेरिफ' या काल्पनिक बँकेची प्रमाणपत्रं देऊ लागले. आमच्याकडं पतसंस्था आधी खरी असते आणि ठेवी जमल्यावर काल्पनिक होते. नुथ यांनी निदान ती पहिल्यापासूनच काल्पनिक ठेवली. महत्त्वाचं असं, की चूक दाखवणारा प्राध्यापक आहे की पहिल्या वर्षाचा पोरगा, याची चौकशी नसे. चूक खरी पाहिजे.

आमच्या घरात या सगळ्यात सरस निघाली ती माझी आई. मोझिलाचा 'कॉमन व्हॉइस' म्हणून उपक्रम आहे, 2017 पासूनचा. लोकांनी पडद्यावरची वाक्यं वाचून आवाज द्यायचा, दुसऱ्यांनी दिलेले आवाज ऐकून 'बरोबर' की 'चूक' सांगायचं. आवाजांचा हा साठा सगळ्यांना खुला असतो, म्हणजे यंत्रांना मराठी ऐकायला शिकवणं कुण्या एका कंपनीची मक्तेदारी राहत नाही. मराठी त्यात आहे. भाच्यानं आजीला वाक्यं वाचायला बसवलं.

"कुणाला वाचून दाखवायचं हे?"

"मशीनला, आजी."

"मग तुझ्यापेक्षा बरं. ते ऐकून तर घिऊलालंय."

वाचण्यात तिला फार रस वाटला नाही. वाक्यं अगदीच बेचव आहेत, कुणाचं लग्न नाही की भांडण नाही, असं तिचं म्हणणं पडलं. ऐकून तपासण्यात मात्र ती रमली. नियम असा, की बोलण्याची ढब कुठलीही असो, लिहिलेलं तेच वाचलं असेल तर बरोबर म्हणायचं. सुनांचं बोलणं आयुष्यभर तपासलेल्या बाईला हा नियम जड गेला. "शब्द बराबर हाय, पण बोलायची रीत हाय का ही?" असं म्हणत म्हणत ती 'बरोबर' दाबत होती. भाचा दहा मिनिटांत कंटाळला. ती दिवेलागणीपर्यंत बसली.

दुसऱ्या दिवशी भाच्यानं तिला मराठी विकिपीडिया दाखवला. हा 2003 च्या महाराष्ट्र दिनापासून चालू आहे आणि त्यात खेडोपाड्यांवरचे लेख भरपूर. तिच्या माहेरच्या गावाचं पान निघालं. 'हवामान', 'लोकजीवन', 'प्रेक्षणीय स्थळे', 'जवळपासची गावे' अशी भारदस्त शीर्षकं आणि खाली बरंचसं मोकळं. ती म्हणाली, "लिही, बाजार सोमवारचा असतो." त्यानं लिहिलं. संध्याकाळी कुणी जाणत्यानं ते काढून टाकून विचारणा केली, की संदर्भ काय?

"त्याला सांग," आई म्हणाली, "मी सोमवारीच गाजरं आणायचे."

एवढं सांगून तो विषय तिनं संपवला. भाच्याला तहसीलचं एखादं छापील पान शोधावं लागणार आहे, आणि सोमवारच्या बाजाराचा कागद मिळणं हे मर्ज कॉन्फ्लिक्ट, म्हणजे एकाच ओळीवरून दोघांच्या बदलांत लागलेलं भांडण, सोडवण्यापेक्षा अवघड आहे.

सुट्टी संपून तो नांदेडला गेला. परवा फोनवर जरा तावात होता. मेसच्या हिशेबाचा प्रोग्राम कुठल्याशा दूरच्या देशातल्या एका अनोळखी मुलानं उतरवून घेतला होता. त्याच्याही हॉस्टेलला मेस असावी. त्यानं लिहिलं होतं, की चौथ्या पायरीला अडलोय, मदत करा.

"एवढं कळत न्हाई का मामा त्याला? सोपं हाय की."

"उत्तर दिलंस का?"

"दिलं न्हाई. द्यायलोच आता."

"काय लिहितोयस?"

तो टाईप करता करता वाचून दाखवू लागला, "फक्त एक..." आणि थांबला. मग बॅकस्पेसचा आवाज बराच वेळ ऐकू येत राहिला.